चंदेरी केस आणि पेशीतलं टपाल

दोन महिन्यांपूर्वी कोकणातून एका बहिणीचं पत्र आलं. नाव-गाव छापू नका, असं तिनं लिहिलं आहे, म्हणून छापत नाही. मजकूर मात्र थोडक्यात देते.

"आपा, माझ्या धाकट्या बहिणीला पहिला मुलगा झाला. बाळ गुटगुटीत होतं. फक्त केस जन्मापासून राखाडी, चांदीसारखे चमकणारे. भुवया आणि पापण्याही तशाच. आमच्या दोन्ही घरांत असे केस कोणाचेच नाहीत. अकिक्याच्या दिवशी केस उतरवले तेव्हा फुफी हसून म्हणाली, याच्या केसांच्या वजनाची चांदी कशाला द्यायची, केसच चांदीचे आहेत! सातव्या महिन्यात बाळाला ताप आला तो उतरेचना. पोट फुगलं. तीन दवाखाने झाले. कोणी टायफॉइड म्हणालं, कोणी मलेरिया, कोणी रक्ताचा कॅन्सर. रक्त चढवलं. पंचवीस दिवसांत बाळ गेलं. आता बहिणीला पुन्हा दिवस गेले आहेत, तिसरा महिना लागला आहे. तिचा नवरा आमच्या सख्ख्या खालाचा मुलगा. म्हणजे सासू ही आमची खालाच. ती रोज म्हणते, तुझ्या कुशीतच दोष आहे. आम्हाला एवढंच विचारायचं आहे, बाळाला काय झालं होतं? आणि पुन्हा तसंच होईल का?"

तिसरा महिना म्हटल्यावर अंक छापून येईपर्यंत थांबण्यात अर्थ नव्हता. मी तिला त्याच दिवशी उत्तर पाठवलं. पण अशी कुजबुज अनेक घरांत चालते, आणि तिचा भार बहुतेक वेळा सुनेवर पडतो. म्हणून तिच्या परवानगीनं या महिन्याचं सदर त्याच प्रश्नावर.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगते. पत्रावरून निदान होत नसतं. मी बालरोगतज्ज्ञही नाही. सूक्ष्मदर्शकाखाली रक्ताच्या स्लाइड पाहणं हे माझं काम. पण चंदेरी केस, न उतरणारा ताप, फुगलेलं पोट आणि आईवडील सख्खी मावस भावंडं, एवढं एकत्र ऐकलं की आमच्यासारख्यांच्या मनात एक नाव येतं : ग्रिसेली सिंड्रोम. अतिशय दुर्मिळ आजार आहे. पण तो समजला की आपलं शरीर रोगजंतूंशी कसं लढतं, यातली एक मोठी गोष्ट समजते. ती अशी की शरीराला हत्यार बनवता येणं पुरेसं नसतं, ते नेमक्या जागी पोहोचवताही यावं लागतं.

पत्ता कुठे लिहिलेला असतो?

आपल्या रक्तातली पांढरी पेशी इतकी लहान असते की एका मिलिमीटरवर तशा शंभरेक पेशी ओळीनं बसतील. एवढ्याशा जागेत हजारो प्रकारची प्रथिनं बनतात. काही पेशीतच कामाला लागतात. काही पेशीच्या पृष्ठभागावर जाऊन बसतात. काही रक्तात सोडायची असतात, तर काही पिशवीत बंद करून वेळ येईपर्यंत राखून ठेवायची असतात. एकाचा माल दुसऱ्याच्या जागी गेला तर घोटाळा. मग कुठलं प्रथिन कुठे जायचं, हे कोण ठरवतं?

आपल्या देशात टपालाचा पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. ही पद्धत बसवणारे अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी होते आणि संस्कृतचे पंडित होते. पाकिटावर सहा आकडे लिहिले की वाटणी करणाऱ्याला गावाचं नाव वाचता आलं नाही तरी पत्र बरोबर थैलीत पडतं. योगायोग असा की त्याच वर्षी, १९७२ मध्ये, इंग्लंडात केंब्रिजला सेसार मिलस्टीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना पेशीतल्या पिनकोडचा माग लागला.

ते प्रतिपिंडांवर काम करत होते. प्रतिपिंड म्हणजे जंतूला चिकटून त्याला निकामी करणारी प्रथिनं, ज्यांना आपण अँटिबॉडी म्हणतो. प्रतिपिंडाचा एक भाग त्यांनी पेशीबाहेर, परीक्षानळीत बनवून पाहिला. तो नेहमीपेक्षा थोडा लांब निघाला. त्याच्या सुरुवातीला एक जादा तुकडा होता, आणि पेशीतून बाहेर पडणाऱ्या प्रतिपिंडात तो नसतो. तो तुकडा कशासाठी?

न्यूयॉर्कमधल्या रॉकफेलर संस्थेतले गुंटर ब्लोबेल यांनी याचं उत्तर शोधलं. तो तुकडा म्हणजे पत्त्याची चिठ्ठी. प्रथिन बनायला लागतं तेव्हा सर्वांत आधी चिठ्ठी बाहेर येते. ती वाचून पेशी ते प्रथिन योग्य दारातून आत घेते, आणि आत येताच चिठ्ठी कापून टाकते. म्हणून बाहेर पडलेल्या प्रतिपिंडात ती दिसत नाही. १९७५ मध्ये ब्लोबेल आणि त्यांचे सहकारी डॉबरस्टाइन यांनी याचा पुरावा दिला. त्यासाठी त्यांनी वापरलेलं प्रथिनही उंदराच्या प्रतिपिंडाचाच भाग होतं. १९९९ मध्ये ब्लोबेल यांना या कामासाठी नोबेल पुरस्कार मिळाला. पत्त्याची चिठ्ठी आपल्या सगळ्याच पेशी वापरतात, पण ती सापडली ती रोगप्रतिकारक प्रथिनात.

गावातून तालुक्याला

मुलांच्या विज्ञानाच्या पुस्तकात पेशीची आकृती असते. त्यातली आंतर्द्रव्यजालिका आणि गॉल्गी संकुल ही नावं पाठ करून आपण परीक्षा दिली आणि विसरून गेलो. प्रथिनांचा प्रवास याच वाटेनं होतो.

चिठ्ठी असलेलं प्रथिन आधी आंतर्द्रव्यजालिकेत शिरतं. तिथे त्याची नीट घडी पडते. घडी चुकलेला माल पुढे जाऊ दिला जात नाही, तो मोडीत काढला जातो. नीट घडी पडलेली प्रथिनं लहान लहान पिशव्यांतून गॉल्गी संकुलाकडे जातात. हे वाटणीचं कार्यालय. तिथे काही प्रथिनांवर साखरेचे शिक्के बसतात आणि थैल्या वेगळ्या होतात. या वाटेचा शोध जॉर्ज पॅलेड यांनी लावला आणि १९७४ च्या नोबेल पुरस्कारात त्यांचा वाटा होता. पिशव्या आपल्या ठिकाणी कशा लागतात आणि कशा रिकाम्या होतात, हे उलगडणाऱ्या रॉथमन, शेकमन आणि सूडहॉफ यांना २०१३ चा नोबेल मिळाला. पेशीतल्या या टपालखात्यावर शास्त्रज्ञांनी अशी पन्नास-साठ वर्षं खर्ची घातली आहेत.

गॉल्गीपासून पुढे दोन वाटा फुटतात. पहिली वाट थेट बाहेर जाते. प्रतिपिंडं बनवणारी पेशी हीच वाट वापरते. माल तयार झाला की रवाना. अशी एक पेशी दर सेकंदाला हजारो प्रतिपिंडं रक्तात सोडू शकते. ती आपल्या पेशींना इजा करत नाहीत, म्हणून अशी मोकळी सोडली तरी चालतात.

दुसरी वाट राखीव मालाची. या बाळाच्या गोष्टीत तीच महत्त्वाची आहे.

मारक पेशी आणि तिची पिशवी

विषाणू आपल्याच पेशीत शिरून बसला की प्रतिपिंडं त्याच्यापर्यंत पोहोचत नाहीत. तेव्हा ती बिघडलेली पेशीच संपवावी लागते. हे काम मारक टी-पेशी आणि त्यांच्या बहिणी, एन.के. पेशी, करतात.

टी-पेशीला कुठल्या पेशीत विषाणू आहे हे कसं कळतं? आपली जवळजवळ प्रत्येक पेशी आत बनणाऱ्या प्रथिनांचे बारीक तुकडे सतत पृष्ठभागावर आणून मांडत असते, जणू दारावर नमुना टांगते. विषाणूचा तुकडा दिसला की टी-पेशी त्या पेशीला चिकटते.

तिच्या पिशव्यांत दोन मुख्य हत्यारं असतात. एक परफोरिन. ते समोरच्या पेशीच्या आवरणाला भोक पाडतं. दुसरं ग्रँझाइम. ते त्या भोकाच्या आधारानं आत शिरून पेशीला स्वतःचा शेवट करायला लावतं. ग्रँझाइमवर गॉल्गीमध्ये एक खास साखरेचा शिक्का बसतो आणि तो पाहून ते राखीव पिशवीत टाकलं जातं. या पिशव्यांचा आतला भाग आंबट, म्हणजे आम्लधर्मी असतो. त्या आंबटपणात परफोरिन निजून राहतं, म्हणून टी-पेशी स्वतः जखमी होत नाही. पिशवी बाहेर रिकामी झाली की आंबटपणा जातो, कॅल्शियम मिळतं आणि परफोरिन जागं होतं.

आता वाहतूक पाहा. टी-पेशी समोरच्या पेशीला चिकटली की ती आतून आपली सगळी रचना फिरवते. पेशीत बारीक नळ्यांचे रूळ असतात आणि ते एका केंद्रातून निघतात. हे केंद्रच सरकून चिकटलेल्या जागेपाशी येतं. मग हत्यारांच्या पिशव्या रुळांवरून त्या एकाच जागी गोळा होतात. शेजारच्या निरोगी पेशीकडे एकही जात नाही.

पण पिशवी जवळ आली म्हणजे काम झालं असं नाही. होडी धक्क्याजवळ आली तरी दोर टाकून ती बांधायला कोणी लागतं, नाहीतर माणसं उतरणार कशी? पेशीत हा दोर बांधणाऱ्या प्रथिनाचं नाव रॅब-२७ए. त्याच्या जोडीला मंक-१३-४ नावाचं प्रथिन पिशवीला उघडण्यासाठी तयार करतं. मग आणखी दोन-तीन प्रथिनांच्या मदतीनं पिशवीचं आवरण पेशीच्या आवरणात मिसळतं आणि हत्यारं नेमक्या फटीत सांडतात. काही मिनिटांत काम होतं. बिघडलेली पेशी संपते, मारक पेशी तिला सोडते आणि पुढच्या पेशीकडे जाते.

दोर बांधणारा नसेल तर

ग्रिसेली सिंड्रोमच्या दुसऱ्या प्रकारात रॅब-२७ए हे एकच प्रथिन नीट बनत नाही. परफोरिन असतं, ग्रँझाइम असतं, पिशव्या भरलेल्या असतात, रुळांवरून त्या येतातही. पण धक्क्याला लागत नाहीत. हत्यार हातात असून पेशी लढू शकत नाही.

यापुढे जे होतं ते जास्त घातक. समोरची पेशी मरत नाही, म्हणून मारक पेशी तिला सोडत नाही. ती चिकटून राहते आणि मदतीसाठी रासायनिक हाका मारत राहते. यातली मुख्य हाक म्हणजे इंटरफेरॉन गॅमा. ती ऐकून शरीरातल्या भक्षक पेशी चवताळतात आणि आपल्याच रक्तपेशी गिळू लागतात. ताप उतरत नाही. यकृत आणि प्लीहा सुजतात, म्हणून पोट फुगतं. हिमोग्लोबिन, प्लेटलेट, पांढऱ्या पेशी, सगळं खाली येतं. या अवस्थेला हिमोफॅगोसायटिक लिम्फोहिस्टिओसायटोसिस म्हणतात. दवाखान्यात सगळे एच.एल.एच. एवढंच म्हणतात. ही शक्ती कमी पडल्याची गोष्ट नाही. लढाई संपवता न आल्यानं शरीर स्वतःलाच जाळत राहतं. सुरुवात अनेकदा एखाद्या साध्या विषाणूच्या तापानं होते, म्हणून टायफॉइड किंवा मलेरिया वाटणं स्वाभाविक आहे. रक्तपेशी कमी दिसल्या की कॅन्सरची शंकाही येतेच. त्या तीन दवाखान्यांतल्या डॉक्टरांना मी दोष देणार नाही. अनेक डॉक्टरांना आयुष्यभरात असं एकही मूल दिसत नाही.

मग केस चंदेरी का?

आपल्या केसांचा काळा रंग मेलॅनिनमुळे असतो. रंग बनवणाऱ्या पेशीला फांद्यांसारखे हात असतात. ती मेलॅनिन पिशव्यांत भरते, हातांच्या टोकापर्यंत नेते आणि तिथून केसांच्या पेशींना देते. टोकाशी या पिशव्या धरून ठेवायलाही रॅब-२७ए लागतं. टी-पेशीच्या हत्यारांसाठी आणि केसाच्या रंगासाठी खलाशी एकच!

तो नसला की मेलॅनिन बनतं, पण पेशीच्या मध्यभागीच साचून राहतं. केसात रंग सारखा पसरत नाही, मोठमोठ्या गाठींनी पडतो. लांबून तो केस राखाडी-चंदेरी दिसतो. फ्रान्समधले डॉक्टर क्लोद ग्रिसेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये अशा मुलांचं वर्णन केलं. रॅब-२७ए चं जनुक याला कारण आहे, हे २००० साली पॅरिसमधल्याच संशोधकांनी दाखवलं.

यातून एक फार स्वस्त तपासणी मिळाली आहे. बाळाचा एक केस काचेवर ठेवून साध्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. रंगाच्या मोठ्या, वेड्यावाकड्या गाठी दिसल्या तर ग्रिसेलीची शंका घ्यायची. गाठी लहान आणि सारख्या पसरलेल्या असतील तर चेडियाक-हिगाशी नावाच्या दुसऱ्या आजाराचा विचार करायचा. तोही पेशीतल्या पिशव्यांचाच आजार आहे. त्यात रक्ताच्या स्लाइडवर पांढऱ्या पेशींत अवाढव्य कण दिसतात. तालुक्याच्या गावातली कोणतीही प्रयोगशाळा एवढं करू शकते. मात्र पाहणाऱ्याला 'केस पाहा' असं कोणीतरी सांगावं लागतं.

इथे दोन सूचना. एक, बाळाचे केस भुरे किंवा फिकट असले म्हणजे आजार आहे असं मुळीच नाही. ग्रिसेलीचाच तिसरा प्रकार असा आहे की त्यात केस चंदेरी असतात आणि बाकी तब्येत उत्तम असते. पहिल्या प्रकारात केसांबरोबर मेंदूचा त्रास असतो. रोगप्रतिकारशक्तीचा बिघाड असतो तो दुसऱ्या प्रकारात. दोन, केस काळेभोर असले म्हणजे एच.एल.एच. नाही, असंही नाही. मंक-१३-४ बिघडलं किंवा परफोरिनच बनलं नाही, तरी तोच आजार होतो आणि केस नेहमीसारखे असतात. परफोरिनचा संबंध १९९९ मध्ये सिद्ध झाला. एकाच घरात दोन तान्ही मुलं न उतरणाऱ्या तापानं गेली असतील, तर केस कसेही असोत, तपासणी व्हायलाच हवी.

दोष कोणाच्या कुशीत?

आता सासूबाईंच्या बोलण्याकडे येऊ.

प्रत्येक प्रथिनाची कृती आपल्याकडे दोन प्रतींत असते. एक अम्मीकडून, एक अब्बाकडून. रॅब-२७ए ची एक प्रत बिघडलेली असली तरी दुसरीवर काम भागतं. असा माणूस पूर्ण निरोगी असतो, त्याला आपण वाहक म्हणू. आईबाप दोघेही वाहक असतील आणि बाळाला दोघांकडूनही बिघडलेली प्रतच मिळाली, तरच आजार होतो. म्हणजे हा आजार एकट्या आईकडून येऊच शकत नाही. त्यात बापाचा वाटा अगदी बरोबरीचा असतो.

या कुटुंबात तर गोष्ट आणखी स्पष्ट आहे. नवरा-बायको सख्खी मावस भावंडं, म्हणजे दोघांचे नाना-नानी एकच. खरोखर ग्रिसेली असेल, तर बहुधा नाना किंवा नानी यांच्यापैकी कोणाकडे तरी ती बिघडलेली प्रत होती. ती त्यांच्या दोन मुलींकडे आली. एक या मुलींची अम्मी, दुसरी खाला. अम्मीकडून ती मुलीकडे आली आणि खालाकडून तिच्या मुलाकडे. म्हणजे सून जे वाहते आहे, तेच सासूही वाहत असणार. खालाला हे टोमणा म्हणून ऐकवू नका. पण शांतपणे बसवून जरूर सांगा. नाना-नानींचाही यात काही गुन्हा नाही. आपण प्रत्येक जण अशा काही बिघडलेल्या प्रती घेऊनच जन्माला येतो, फक्त जोडी जुळेपर्यंत त्या कळत नाहीत.

नात्यात लग्न झाल्यानं जोडी जुळण्याची शक्यता वाढते. सख्ख्या चुलत, मावस, आते-मामे भावंडांत सरासरी आठवा हिस्सा जनुकं एकाच आजोबा-आजीकडून आलेली असतात. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड शहरात अकरा हजारांहून जास्त मुलांचा अभ्यास झाला, तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथल्या पाकिस्तानी वंशाच्या कुटुंबांत सख्ख्या चुलत-मावस भावंडांच्या मुलांमध्ये जन्मजात व्यंगाचं प्रमाण शंभरात सुमारे तीनवरून सहावर गेलेलं आढळलं. म्हणजे धोका दुप्पट, हे खरं. आणि शंभरातल्या चौऱ्याण्णव मुलांना तसं काही झालं नाही, हेही खरं. आपल्याकडे ही प्रथा फक्त मुसलमानांत आहे असंही नाही. मामाच्या मुलीशी लग्न महाराष्ट्रातल्या अनेक हिंदू समाजांत रीतीचंच मानलं जातं.

शरीअतमध्ये असा निकाह जायज आहे, पण तो फर्ज नाही. ज्या खानदानात एखादं मूल अशा आजारानं गेलं आहे, तिथे पुढचे रिश्ते जोडण्याआधी तपासणी करणं शहाणपणाचं. सौदी अरेबियात निकाहाआधी थॅलेसेमिया आणि सिकलसेलची तपासणी २००४ पासून सक्तीची आहे. तिथे ती चालते, तर आपल्या मोहल्ल्यात लाज कसली?

पुन्हा होईल का?

दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता आजाराची, चारात दोन वाहक पण निरोगी मुलाची, आणि चारात एक दोन्ही प्रती चांगल्या असण्याची. म्हणजे चारात तीन शक्यता निरोगी मुलाच्याच. पण हा हिशेब दर वेळी नव्यानं सुरू होतो. एक मूल गेलं म्हणून पुढची तीन वाचतील असं होत नाही, आणि एक गेलं म्हणून दुसरंही जाईल असंही नाही.

मी त्या बहिणीला लिहिलं ते इथे सर्वांसाठी देते.

पहिली गोष्ट, बाळाची फाइल, रक्ताचे अहवाल, फोटो, काहीही फेकू नका. फेरिटिनची तपासणी झाली होती का ते पाहा. एच.एल.एच. मध्ये फेरिटिन खूप चढतं. ट्रायग्लिसराइड चढतात आणि फायब्रिनोजेन उतरतं.

दुसरी, नवरा-बायको दोघांनीही लगेच जनुकीय सल्ला घ्यावा. बाळ आता नाही, तरी आईबापांच्या रक्तातून दोघे वाहक आहेत का हे पाहता येतं. मुंबईत परळला, केईएम रुग्णालयाच्या आवारात, आयसीएमआरची नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी ही संस्था जन्मजात रोगप्रतिकार दोषांवर काम करते. जवळच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातल्या बालरोग विभागाची चिठ्ठी घेऊन जावं.

तिसरी, दोघांमधला बिघाड नेमका सापडला तर पोटातल्या बाळाची तपासणी करता येते. अकराव्या ते चौदाव्या आठवड्याच्या दरम्यान वारेचा अगदी लहान नमुना घेऊन, किंवा सोळाव्या आठवड्याच्या सुमारास गर्भजल घेऊन. निकाल कळल्यावर काय करायचं हा त्या दोघांचा निर्णय. वैद्यकीय माहिती डॉक्टरांकडून घ्या, दीनी बाजू विश्वासातल्या आलिमांना विचारा. तपासणी करायची नाही असं ठरलं, तरी पुढची गोष्ट चुकवू नका.

चौथी, बाळंतपण जिथे होणार तिथल्या डॉक्टरांना पहिल्या बाळाची पूर्ण हकीकत आधीच सांगा. जन्मल्याबरोबर केस पाहता येतो, जनुक तपासता येतं. मारक पेशींच्या पिशव्या पृष्ठभागापर्यंत पोहोचतात का, हे रक्ताच्या थोड्या नमुन्यावर पाहण्याची खास तपासणीही आहे. बीसीजीसारख्या जिवंत जंतूंच्या लसी लगेच द्यायच्या की निकालापर्यंत थांबायचं, हे अशा घरात डॉक्टरांनी ठरवायचं. बाकी घरांनी हे वाचून एकही लस चुकवू नये.

इलाज आहे

बाळाला आजार निघालाच, तरी आता हात बांधलेले नाहीत. भडका उडाला तर डेक्सामेथासोन आणि इटोपोसाइड ही औषधं देऊन तो शांत करतात. इटोपोसाइड कॅन्सरवरही वापरतात. म्हणून नातेवाईक घाबरतात आणि मूल घरी घेऊन जातात. तसं करू नका. इथे ते औषध चवताळलेल्या पेशींना आवरण्यासाठी असतं.

कायमचा इलाज म्हणजे अस्थिमज्जा प्रत्यारोपण. दात्याच्या मज्जेतून नव्या टी-पेशी बनतात. त्यांच्यात रॅब-२७ए असतं आणि पिशव्या धक्क्याला लागू लागतात. सख्ख्या भावाबहिणीशी मज्जा जुळण्याची शक्यता चारात एक असते. वाहक भाऊ किंवा बहीणसुद्धा दाता होऊ शकते. पूर्ण जुळणारा दाता नसेल तर अर्धी जुळणारी आईची किंवा बापाची मज्जाही काही केंद्रांत वापरली जाते. भडका उडण्याआधी, किंवा तो पूर्ण शांत असताना प्रत्यारोपण झालं, तर यश येण्याची शक्यता जास्त असते. म्हणूनच आधी कळण्याला इतकी किंमत आहे.

खर्च मोठा आहे, हे नाकारत नाही. केंद्र सरकारचं दुर्मिळ आजारांचं धोरण २०२१ मध्ये आलं. त्यातल्या आजारांसाठी ठरलेल्या केंद्रांत मदतीची मर्यादा २०२२ मध्ये पन्नास लाख रुपयांपर्यंत वाढवण्यात आली. मुंबईचं केईएम हे त्यांपैकी एक केंद्र आहे. आपलं मूल त्यात बसतं का, हे तिथेच विचारावं. जकातीच्या आणि इमदादी ट्रस्टांकडे जाताना डॉक्टरांचं पत्र आणि अंदाजपत्रक सोबत ठेवा, काम लवकर होतं.

एक गोष्ट आईबापांना आधी माहीत असलेली बरी. प्रत्यारोपणानं टी-पेशी नव्या येतात, पण केसांना रंग देणाऱ्या पेशी जुन्याच राहतात. त्यामुळे मूल बरं झालं, शाळेत जाऊ लागलं, तरी केस चंदेरीच असतात. केसांचा रंग बदलला नाही म्हणजे इलाज फसला, असं समजून कोणी घाबरू नये.

हे सदर लिहीत असताना त्या बहिणीचं दुसरं पत्र आलं. नवरा-बायको दोघांचंही रक्त तपासणीला गेलं आहे, निकाल यायचा आहे. सोबत खालाही मुंबईला आली होती. गाडीभर ती काही बोलली नाही. परतताना तिनं सुनेच्या हातातली पिशवी स्वतःकडे घेतली, एवढंच तिनं लिहिलं आहे. निकालासाठी आपण सगळे दुआ करू या.